औषधाला दाद न देणारा आजार

“डॉक्टर, आतापर्यंत चार औषधे झाली. आता आणखी काय राहिले आहे?”

मनोविकारांच्या दवाखान्यात बसणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हा प्रश्न केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो. विचारणारी बहुधा आई असते, कधी थोरला भाऊ. हातात पिशवी, पिशवीत सहा-सात वर्षांचे कागद, आणि शेजारच्या बाकावर कोणाकडेही न पाहता बसलेला पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा. त्याला अजून भिंतीपलीकडून माणसे बोलताना ऐकू येतात. पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी तो अजून वास घेऊन पाहतो. आज मी जे बोलणार आहे ते या आईसाठी आणि या भावासाठी. तुमच्या घरी असे काही नसेल तर फारच चांगले. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे सुमारे तीनशे माणसांमागे एकाला हा विकार असतो. तेव्हा तुमच्या गावात, नात्यात, आळीत कोणाला तरी या बोलण्याचा उपयोग होईल.

विकाराचे नाव स्किझोफ्रेनिया. मराठीत आपण त्याला छिन्नमनस्कता म्हणतो. एका देहात दोन माणसे राहतात, अशी जी सिनेमातून पसरलेली समजूत आहे, तिचा या विकाराशी काही संबंध नाही. विचार, भावना आणि जे दिसते-ऐकू येते ते, यांचा एकमेकांशी असलेला मेळ येथे सुटतो. नसलेले आवाज खरे वाटतात, घरचीच माणसे वैरी वाटतात, आणि पुढे पुढे माणूस कशातच रस घेईनासा होतो.

१९५२ साली पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात झां दले आणि पिएर देनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध अशा रुग्णांना देऊन पाहिले, आणि या विकाराला औषध आहे ही गोष्ट प्रथम जगापुढे आली. त्यानंतर कितीतरी औषधे निघाली. बहुतेक रुग्णांना त्यांतल्या एखाद्याने चांगला उतार पडतो. पण चार-पाचांतला एक, काही ठिकाणच्या अनुभवाप्रमाणे तिघांतला एक, असा निघतो की ज्याला या औषधांनी म्हणावा तसा गुण येत नाही.

आता ‘गुण येत नाही’ हे ठरवायचे कसे? याला एक साधा नियम आहे. दोन निरनिराळी औषधे, योग्य मात्रेत, प्रत्येकी निदान सहा आठवडे, आणि तीही खरोखर पोटात गेलेली. एवढे करूनही लक्षणे तशीच राहिली, तरच आजार औषधाला दाद देत नाही असे म्हणावे. यातले शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे, बरे का! एका घरी ‘कोणतेच औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलण्याचा सपाटा चालला होता. दिवाळीच्या आधी आईने तुळशीची कुंडी नव्याने भरायला घेतली, तर मातीत पन्नास-साठ गोळ्या सापडल्या. मुलगा गोळी जिभेखाली धरी आणि अंगणात जाऊन कुंडीत पुरून टाकी. लागू न पडायला ती पोटात गेली होती कुठे? कधी याच्या उलट घडते. ‘फार झोप येते’ म्हणून घरचीच मंडळी गोळी अर्धी करतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. तेव्हा प्रथम हा हिशेब चोख करावा. गांजाचे व्यसन आहे का, तेही न लपवता सांगावे. डॉक्टर पोलीस नव्हेत.

हा सगळा हिशेब करूनही आजार हटत नसेल, तर मग पुढचे औषध एकच, आणि त्याचे नाव क्लोझापिन.

या औषधाची कथा मोठी चमत्कारिक आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये ते तयार झाले आणि पुढे युरोपात विकले जाऊ लागले. हातपाय कापणे, मान आखडणे हे जुन्या औषधांचे ठरलेले त्रास याने क्वचितच होतात, म्हणून डॉक्टर मंडळी खूश होती. तोच १९७५ साली फिनलंडमधून बातमी आली, की हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा झाल्या आणि आठ जण संसर्गाने दगावले. झाले! काही देशांनी औषध बंद केले, काहींनी कपाटात ठेवले. पण ज्या डॉक्टरांनी त्याचा गुण डोळ्यांनी पाहिला होता ते गप्प बसले नाहीत. १९८८ साली अमेरिकेत जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदान तीन औषधे हरलेले २६८ रुग्ण त्यांनी घेतले; काहींना क्लोझापिन दिले, काहींना क्लोरप्रोमाझिन. सहा आठवड्यांनी पाहिले, तर क्लोरप्रोमाझिनने शंभरातले चार सुधारले होते आणि क्लोझापिनने तीस. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. अट एकच घातली गेली : रक्त तपासत राहा.

तर ही रक्ततपासणी. पुष्कळ घरे येथेच माघार घेतात. ‘रोज रोज रक्त काढून पोराला अशक्तपणा येईल’ असे आजी म्हणते, आणि तालुक्याच्या एस्टीचे भाडे भरून भाऊही कंटाळलेला असतो. पण ती कशासाठी आहे ते समजून घ्या. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. निरोगी माणसाच्या रक्तात, दर मायक्रोलिटरमागे, त्या दीड हजारांहून अधिक असतात. क्लोझापिन घेणाऱ्या शंभर माणसांत एकाहूनही कमी जणांच्या बाबतीत त्या पाचशेच्या खाली घसरतात, आणि मग साधा घसादुखीचा आजारही जिवावर बेतू शकतो. हा धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या अठरा आठवड्यांत. म्हणून त्या काळात दर आठवड्याला रक्त तपासतात. काही डॉक्टर हे सहा महिने चालू ठेवतात. मग पंधरवड्याला, आणि वर्षानंतर महिन्याला, असा रुळलेला प्रघात आहे. अमेरिकेत २०२५ साली रुग्णांची सक्तीची नोंदवही रद्द झाली, तरी रक्त पाहण्याची सूचना तेथेही कायम आहे. काढतात ते रक्त दोन-तीन चमचेही नसते. त्याने अशक्तपणा येत नाही.

तपासणीच्या दोन तारखांच्या मध्ये मात्र राखण घरानेच करायची. ताप आला, घसा दुखू लागला, तोंडात फोड आले, की ‘सर्दी असेल, पाहू उद्या’ म्हणू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि तेथील डॉक्टरला सांगा, की हा माणूस क्लोझापिनवर आहे. पेशी घसरल्याचे वेळीच कळले आणि औषध थांबवले, तर बहुतेक वेळा त्या पुन्हा भरून येतात.

सुरुवात फार थोड्या औषधाने होते : साडेबारा मिलिग्रॅम, म्हणजे पंचविसाची अर्धी गोळी. मग हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत, तीनशेच्या आसपास. घाई केली तर रक्तदाब उतरतो, माणूस उठून उभा राहताच भोवळ येऊन पडतो, झटके येण्याची भीती वाढते. आणि येथेच एक नियम आहे जो मी रुग्णाच्या वहीवर लाल शाईने लिहून देतो. औषधात अठ्ठेचाळीस तासांहून जास्त खंड पडला, तर आपल्या मनाने पुन्हा पूर्ण मात्रा द्यायची नाही. पुन्हा अर्ध्या गोळीपासून चढायचे, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

हे कितीही वेळा सांगितले तरी थोडेच आहे, कारण आपल्याकडे खंड पडायला निमित्ते पुष्कळ. एका घरी गौरी-गणपतीला सगळे गावी गेले आणि गोळ्यांची डबी मुंबईच्या फडताळात राहिली. तीन दिवसांनी परत आल्यावर वहिनींनी मायेने, राहिलेले भरून निघावे म्हणून, रात्रीची पूर्ण मात्रा दिली. पहाटे तो न्हाणीघरात कोसळला. डोक्याला टाके पडले, एवढ्यावर निभावले. वहिनींचा काय दोष? त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते. उपासाचेही तसेच. एकादशीला गोळी चालते की नाही असे विचारणारी माणसे मला भेटली आहेत, आणि न विचारताच बंद करणारी त्याहून जास्त. चालते. पाण्याबरोबर घ्या.

आता बिडीची गोष्ट सांगतो, कारण ती मला स्वतःला महागात पडली.

चाळिशीतला एक शेतकरी माझ्याकडे येई. आजार जुना; पण क्लोझापिनवर तीन वर्षे छान चालले होते. गुरे पाही, बाजाराला जाई, पुतण्याला सायकलवरून शाळेत सोडी. दिवसाला बिडीचे एक बंडल ठरलेले. कार्तिकीला त्याने पंढरपुरात माळ घेतली आणि त्याच दिवशी बिडी सोडली. घरात आनंदीआनंद! दुसऱ्या आठवड्यापासून तो दुपारपर्यंत झोपू लागला. तोंडातून लाळ गळे, चालताना तोल जाई. तिसऱ्या आठवड्यात गोठ्यात त्याला फिट आली. गावात कोणी म्हणाले, माळेचे काही चुकले. कोणी म्हणाले, औषध अंगावर उठले. भाऊ त्याला जीपमध्ये घालून घेऊन आला आणि बोलता बोलता सहज म्हणाला, “आता तर बिडीसुद्धा सोडली हो त्यानं, तरी असं झालं!”

तरी नव्हे, त्यामुळेच. बिडी-सिगारेटच्या धुरात काही द्रव्ये असतात, ती यकृताला चेव आणतात आणि यकृत हे औषध भराभर जाळून टाकते. ओढणाऱ्या माणसाला म्हणून जास्त मात्रा लागते. धूर बंद झाला, की आठवडाभरात यकृत मंदावते आणि तीच मात्रा रक्तात दीडपट, कधी त्याहूनही जास्त साचते. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत त्याचे रक्त पाठवून औषधाची पातळी मोजली तेव्हा ती भलतीच चढलेली निघाली. मात्रा कमी केली, माणूस ताळ्यावर आला. पण चूक माझी होती. तीन वर्षांत एकदाही मी त्याला म्हटले नव्हते, की बिडी सोडशील त्या दिवशी मला आधी सांग. सोडू नको असे नव्हे. जरूर सोड, पण सांगून सोड. आणि पुन्हा सुरू केलीस तर तेही सांग, कारण मग उलटे होते. औषध कमी पडते आणि आवाज परत येतात. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची बिडी आपोआप सुटते आणि घरी येताच सुरू होते, तेव्हाही हाच खेळ होतो. तंबाखू खाणे किंवा मिश्री लावणे याने यकृताला असा चेव येत नाही. हा प्रताप धुराचा आहे, तंबाखूचा नव्हे. अर्थात म्हणून तंबाखू खा असे मी म्हटले, असे कृपा करून कोणाला सांगू नका.

दुसऱ्या डॉक्टरांच्या औषधांचेही असेच आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे जुलाबासाठी, लघवीच्या जळजळीसाठी सर्रास दिले जाते. त्याने क्लोझापिनची पातळी चढते. कार्बामाझेपिन हे फिट्सचे औषध पातळी उतरवते, आणि पांढऱ्या पेशींनाही ते धार्जिणे नाही. मोठा ताप किंवा न्यूमोनिया झाला तर कोणतेही औषध न बदलता पातळी वाढते. चहा-कॉफीचे प्रमाण एकदम फार वाढवले तरी थोडाफार फरक पडतो.

यानंतर ज्या विषयावर बोलायला माणसे लाजतात तो विषय : पोट साफ होणे. पांढऱ्या पेशींचे नाव सर्वांना ठाऊक झाले आहे, पण बद्धकोष्ठाने गेलेल्या रुग्णांची बातमी होत नाही. हे औषध आतड्यांची हालचाल मंद करते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडमधील एका अभ्यासात क्लोझापिन घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्यातून अन्न पुढे सरकायला सुमारे १०४ तास लागले. इतर औषधे घेणाऱ्यांना २३. म्हणजे चार दिवसांहून अधिक! आतडे असे थांबले की फुगते, कधी फाटते, आणि माणूस दोन दिवसांत जातो. त्यातून हा रुग्ण मुळात अबोल. पोट दुखते असे तो सांगेलच असे नाही. म्हणून घरच्यांनीच विचारायचे, ‘आज झाली का?’ दोन दिवस शौचाला झाली नाही तर डॉक्टरांना कळवायचे. पोट फुगले, दुखू लागले, उलटी झाली तर रात्र असो की पाऊस, रुग्णालय गाठायचे. आणि आपला तो घरोघरचा इसबगोल? येथे तो उपयोगाचा नाही. इसबगोल मळ फुगवतो. पण ढकलणारे आतडेच झोपले असेल तर फुगवून काय साधणार? उलट ते तुंबते. डॉक्टर आतड्याला चालना देणारे किंवा मळ मऊ करणारे औषध देतात, पुष्कळदा पहिल्या दिवसापासूनच. ते बंद करू नये. भरपूर पाणी, भाजी, आणि रोज पायी एक फेरी हे आहेच.

पहिल्या महिन्यात हृदयाकडेही लक्ष असावे. क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. छातीत दुखणे, दम लागणे, विश्रांती घेतानाही नाडी धावणे, सोबत ताप, असे काही दिसले तर थांबू नये. अनेक डॉक्टर यासाठी सुरुवातीचे चार आठवडे रक्ताच्या वेगळ्या तपासण्याही करतात. लाळ गळते, त्याचे फार मनावर घेऊ नका; उशीवर टॉवेल घाला, कुशीवर झोपवा, फारच त्रास झाला तर त्यालाही औषध आहे. वजन आणि रक्तातली साखर मात्र मनावर घ्याच. या औषधाने भूक वाढते, आणि ‘पोरगं आता नीट जेवायला लागलं’ म्हणून आई आनंदाने आणखी एक भाकरी वाढते. सहा महिन्यांत दहा किलो चढलेले मी पाहिले आहेत. महिन्याला वजन आणि ठरलेल्या अंतराने साखर, हे वहीत लिहीत जा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी भीती दाखवायची तर हे औषध द्यायचे तरी कशाला? फिनलंडचेच उत्तर सांगतो. ज्या देशात १९७५ साली ते आठ मृत्यू झाले, त्याच देशात २००९ साली सहासष्ट हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कोणत्या औषधावर माणसे सर्वांत कमी मरतात, असा प्रश्न होता. उत्तर आले, क्लोझापिन. आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या रुग्णांत या औषधाने तसे प्रयत्न कमी होतात, हेही २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. औषध धोक्याचे आहे. पण धोका डोळ्यांसमोर ठेवून दिलेले औषध आणि आजार तसाच सोडून देणे, यांत मला स्वतःला दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटते. माझी तक्रार उलटीच आहे, की आम्ही डॉक्टर ते फार उशिरा सुरू करतो. पाचवे औषध, सहावे औषध, दोन औषधे एकत्र, असे करत तरुणपणाची पाच-सहा वर्षे निघून जातात.

आणखी एक गोष्ट, जरा अवघड. आपल्याकडे पुष्कळ घरांत गोळी चहात किंवा आमटीत विरघळवून, रुग्णाच्या नकळत देतात. त्यामागची अगतिकता मी जाणतो. मारामारीला आलेल्या माणसापुढे आई करील काय? पण क्लोझापिन असे देऊ नका. अर्धा कप चहा त्याने टाकून दिला तर किती औषध गेले ते कोणाला कळणार? बाहेरगावी दोन दिवस राहिला तर खंड पडला हे त्याला स्वतःलाच माहीत नसणार. घसा दुखला तर तो सांगेल कोणाला आणि कशासाठी? शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्या उपचारांविषयी माहिती मिळण्याचा हक्क त्यालाही दिलेला आहे. त्याला विश्वासात घ्या. आवाज चालू असतानाही हे लोक आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक समजतात. ‘ही गोळी वेडाची आहे’ असे म्हणू नका. ‘यानं तुला रात्री शांत झोप लागेल, ती माणसं थोडी गप्प बसतील’ असे म्हणून पाहा. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. २०२२ पासून ही सेवा चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

त्या माळकरी शेतकऱ्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. बिडी त्याने पुन्हा धरली नाही. कमी केलेल्या मात्रेवर तो नीट आहे. पुढच्या आषाढीला त्याने माउलींच्या पालखीबरोबर पायी जायचे ठरवले तेव्हा घरचे घाबरले. मीही थोडा घाबरलोच. पण भाऊ सोबत निघाला. त्याच्या पडशीत गोळ्यांचे दोन डबे होते, एक हरवला तर दुसरा असावा म्हणून, आणि ती लाल शाईची वही. महिन्याच्या रक्ततपासणीची तारीख वाटेत येत होती. ती त्यांनी फलटणच्या मुक्कामी उरकली, आणि रिपोर्टचा फोटो मला दिंडीतून पाठवला. खाली भावाने लिहिले होते, “पेशी ठीक आहेत का, ते कळवा. आम्ही पुढं निघतो.”